सोलायचं संत्रं धुवायचं काऊन?

आजचा विषय एका भांडणातून सुचला. परवा रूमवर दोन डझन संत्री आणली आणि मी ती नळाखाली धुवायला घेतली. रूममेट म्हणाला, "अबे, साल तर फेकायचीच आहे. धुतो काऊन?"

प्रश्न बरोबर वाटतो ना? मलाही क्षणभर वाटला.

पण आपलं नागपुरी संत्रं आठवा. साल सैल असते, सुरी लागतच नाही. नख खुपसलं की झालं. आणि घोळ इथेच होतो. बागेतून ट्रक, ट्रकमधून कळमना मार्केट, तिथून ठेला, असं किती हातांतून ते संत्रं आलेलं असतं! सालीवरची धूळ, जंतू, फवारणीचा अंश हे सगळं आपल्या बोटांना लागतं. मग त्याच बोटांनी आपण फोड तोंडात टाकतो. टरबुजाचंही तसंच. न धुता कापलं, तर सुरी वरची घाण आतल्या गरात नेते. म्हणून साल काढायची असली तरी आधी धुवायचं.

आता सांबार. पुणे-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. तर्री पोह्यांवर तो कच्चाच पडतो. पोहे शिजलेले, तर्री उकळलेली, सांबार मात्र कच्चा. जुडीच्या मुळांना माती असते, आणि ती ताजी दिसावी म्हणून दिवसभर तिच्यावर पाणी मारतात. ते पाणी कुठलं, आपल्याला माहीत नसतं. टायफॉईड आणि काही प्रकारची कावीळ दूषित अन्नपाण्यातूनच पसरते. घरात कुणी गरोदर असेल तर जास्तच जपा, कारण 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणात जिवावर बेतू शकते.

मग धुवायचं कसं?

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. फळाला मात्र साबण किंवा भांड्यांचं लिक्विड लावू नका. ते सालीत मुरू शकतं आणि ते खाण्यासाठी बनलेलं नाही. फळ वाहत्या पाण्याखाली धरून हाताने चोळा. खरं काम चोळण्यानेच होतं. टरबूज, बटाटा यांना स्वच्छ ब्रश चालतो. सांबार, पालक यांची जुडी सोडा, मुळं कापा, पातेल्यात पाणी घेऊन खळबळा. माती खाली बसते, म्हणून भाजी वर उचलून घ्या. पातेलं तसंच ओतलं तर माती परत भाजीवर. तळाशी माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला. शेवटचं पाणी पिण्याचं वापरा.

उन्हाळ्यात नळाला धार नसते, हे मान्य. फळं चाळणीत ठेवा, मगने पाणी ओता, खाली बादली ठेवा. ते पाणी कुंड्यांना घाला.

खाण्याच्या सोड्याबद्दल बरेच जण विचारतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात 2017 मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला. दोन कीटकनाशकं लावून पाहिली. सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरचा अंश निघाला. प्रमाण होतं लिटरला साधारण 10 ग्रॅम. पण जे सालीच्या आत मुरलं होतं, ते सोड्यानेही निघालं नाही. म्हणजे सोडा वापरायला हरकत नाही, फक्त तो जादू करेल असं समजू नका. नंतर साध्या पाण्याने धुवाच.

शेवटची गोष्ट. द्राक्षं, स्ट्रॉबेरी आणल्या आणल्या धुवून ठेवू नका, ओलाव्याने बुरशी धरते. खायच्या वेळी धुवा. आणि कापलेलं फळ आपल्या मे महिन्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका.

रूममेट अजून वाद घालतोच. पण काल संत्रं खाण्याआधी तो गुपचूप नळाकडे गेला, मी पाहिलं.

तुमच्या घरी कोण असा वाद घालतं? त्याला हा एपिसोड पाठवा. भेटू पुढच्या वेळी!