नकलांचे ओझे



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली, आणि त्यांच्यामागून आपण मला उभे केले आहे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते रात्रपाळीत, युनियनच्या कचेरीत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. कॉम्प्युटरचा मी तज्ज्ञ नव्हे. पण कामगाराच्या आयुष्यभराचा हिशेब आता कॉम्प्युटरच्या पोटात गेला आहे, तेव्हा तो तिथे कसा राखला जातो आणि बुडाला तर परत कसा निघतो, हे समजून घेतल्यावाचून मला गत्यंतर उरले नाही. ही पाळी कशी आली तेच आधी सांगतो.

आमच्या कामगारांची एक पतसंस्था होती आणि तिच्या संचालक मंडळावर मी होतो. रोज रात्री सगळ्या दप्तराची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची, असा आमचा ठराव होता. ठराव करण्यात आम्ही कधी कमी पडलो नाही! पहिल्या वर्षी ही नक्कल दोन तासांत होई. पुढे सभासदांचे फोटो आले, सह्यांचे नमुने आले, कर्जाचे कागद आले. दप्तर फुगत गेले. रात्री आठला सुरू केलेली नक्कल सकाळी दहाला खिडकी उघडली तरी चालूच असे. तोवर यंत्र मंद, बाहेर रांग, रांगेत आरडाओरडा. मग आमचा ऑपरेटर, कंत्राटावरचा पोरगा, ती अर्धी नक्कल बंद करून टाकी. त्याने एकदा मला सांगितलेही होते. मी म्हणालो, "बघू."

पावसाळ्यात एके दिवशी मुख्य डिस्क गेली. शेवटची पुरी उतरलेली नक्कल निघाली पाच महिन्यांपूर्वीची. त्या पाच महिन्यांत एका निवृत्त टर्नरने फंडाच्या पैशातून आपले सगळे कर्ज फेडले होते. आमच्या पडद्यावर मात्र तो पुन्हा कर्जदार झाला. तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, "दादा, मी पैसे भरले होते ना?" त्याचे व्हाउचर सापडायला सोळा दिवस लागले. ते सोळा दिवस त्याने कसे काढले असतील, हे मी त्याला विचारू शकलो नाही.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो. आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की आमची चूक आळसाची जितकी होती तितकीच पद्धतीची होती. रात्र बारा तासांची आणि काम चौदा तासांचे, हा हिशेब कोणत्याही कामगाराला जमायचा नाही, मग यंत्राला कसा जमावा?

आता जरा पाहा, त्या चौदा तासांत यंत्र करीत काय होते? कालच्या दप्तरातले बहुतेक सगळे जसेच्या तसे आज पुन्हा लिहीत होते. समजा दप्तर ५०० गिगाबाइटचे आहे आणि आठवड्यातून एकदा त्याची पुरी नक्कल घेतली. बारा आठवड्यांच्या बारा नकला ठेवायच्या तर ६००० गिगाबाइट जागा हवी. पण आठवड्याला खरोखर बदलते ते शंभरात एक, म्हणजे ५ गिगाबाइट. तेव्हा पहिली नक्कल पुरी ठेवली आणि पुढे प्रत्येक वेळी फक्त नवा भाग ठेवला, तर सारे ५५५ गिगाबाइटमध्ये बसते. जे एकदा लिहिले आहे ते पुन्हा लिहायचे नाही, त्या जागी "ते तिथे आहे" एवढी खूण ठेवायची. याला डी-डुप्लिकेशन म्हणतात. मी आमच्या सभासदांना सांगताना "पुनरुक्ती काढणे" म्हणतो.

सांगायला सोपे आहे. पण जुने कोणते आणि नवे कोणते हे यंत्राने ओळखायचे कसे? येथे मला आमचा जुना मस्टर आठवतो. आठशे नावे, पानाला पंचवीस ओळी. पहिल्याच पानावर एक नवा "आबाजी" घुसला की शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक नाव एक ओळ खाली सरकणार. पानापानाने ताडून पाहाल तर सगळी पाने बदललेली दिसतील, आणि बदलले आहे एकच नाव! यावर उपाय असा, की पान मोजून कापायचे नाही, मजकूर पाहून कापायचे. मस्टर खात्याखात्याच्या मथळ्यापाशी कापला, तर आबाजी आला तरी त्याच्या एकट्या खात्याचा तुकडा बदलतो, बाकीची खाती जागच्या जागी राहतात. मजकुरात अशी कापण्याची जागा झपाट्याने हुडकण्याचे गणित मायकेल राबिन यांनी १९८१ साली मांडले, आणि २००१ साली एमआयटी व न्यूयॉर्क विद्यापीठातल्या तिघांनी मंद तारेवरून फायली पाठवण्यासाठी ते कामाला लावले.

असा प्रत्येक तुकडा कापला की त्याचा अंगठा घेतात. निरक्षर कामगाराचा पगारपत्रकावर घेतात तसाच. फक्त येथे तो गणिताने काढलेला आकडा असतो. तुकडा केवढाही असो, अंगठा वीस किंवा बत्तीस बाइटचा. अंगठा आधीच्या यादीत असेल तर तुकडा जुना, नसेल तर नवा. बेल लॅबोरेटरीतल्या क्विनलन आणि डॉरवर्ड यांनी २००२ साली "वेंटी" नावाची सगळी कोठीच या तत्त्वावर रचून दाखवली. तुम्ही विचाराल, दोन निराळ्या तुकड्यांचा अंगठा एकच निघाला तर? आपोआप तसे होणे जवळजवळ अशक्य. पण जाणूनबुजून घडवता येते. एसएचए-१ नावाच्या अंगठ्याच्या बाबतीत २०१७ साली संशोधकांनी ते करून दाखवले, म्हणून आता त्याहून लांब अंगठा घेणे बरे. ज्यांनी खोटी हजेरी लागलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

अडचण पुढेच होती. आठ किलोबाइटचा एक तुकडा धरला तर आठ टेराबाइटचे शंभर कोटी तुकडे होतात, आणि वीस बाइटप्रमाणे त्यांच्या अंगठ्यांचीच यादी २० गिगाबाइटची. दर तुकड्यासाठी ही यादी डिस्कवर चाळत बसले तर वाचवलेला वेळ शोधण्यातच जायचा. प्रिन्स्टनचे प्राध्यापक काय ली ज्यांच्यापैकी एक होते त्या डेटा डोमेन कंपनीच्या मंडळींनी २००८ साली आपली युक्ती छापून जाहीर केली. दारावर एक पहारेकरी बसवला. त्याला सगळी यादी पाठ नसते, पण "हा इथला नाही" असे तो म्हणाला की ते शंभर टक्के खरे. मग आत शोधायला जायलाच नको. दुसरे म्हणजे, एका रात्री एकापाठोपाठ आलेले तुकडे दुसऱ्या रात्रीही बहुधा त्याच क्रमाने येतात. तेव्हा एक सापडला की त्याच्या शेजाऱ्यांचे अंगठे आधीच हाताशी आणून ठेवायचे. एवढ्याने डिस्कवरच्या शंभर फेऱ्यांपैकी नव्याण्णव वाचल्या. पुढच्याच वर्षी ती कंपनी दोन अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. विक्रेत्यांची जीभही तेव्हापासून सैल झाली. एक म्हणतो, "आमचे यंत्र वीस पट वाचवते", दुसरा म्हणतो, "आमचे पन्नास पट." ऐकून माणूस भुलतो. पण वीस पट म्हणजे शंभरातले पाच उरले, पन्नास पट म्हणजे दोन. फरक तीनच रुपयांचा! आणि पटीचा आकडा नुसत्या जास्त नकला साठवूनही वाढतो. शिवाय कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक करून पाठवलेल्या दप्तराला पुनरुक्ती दिसतच नाही, तेथे ही सारी बचत जवळजवळ शून्यावर येते.

आता माझा मुख्य मुद्दा. नक्कल घेणे आणि नकलेतून परत मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा वेग दुसरीला आपोआप लाभत नाही. २० मेगाबिटच्या तारेने ५०० गिगाबाइट दूर पाठवायला पंचावन्न तास लागतात. पुनरुक्ती काढली तर रोजचे काम अर्ध्या तासाचे होते, आपण खूश. पण घरची डिस्क समूळ गेली तर? तिकडून पाचशेच्या पाचशे यायला हवेत, आणि ते पुन्हा पंचावन्न तास! शनिवारी सकाळी आग लागली तर सोमवारी खिडकी उघडायची नाही. त्यात तुकडे वर्षभरात निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतात. ताज्या नकलेचे तुकडे गोळा करण्यात डिस्कची धावपळ होते. म्हणून काही यंत्रे सर्वांत ताजी नक्कल अखंड ठेवतात आणि पुनरुक्ती फक्त जुन्यांतून काढतात. मला हा शहाणपणा वाटतो. दुसरे असे, की एक तुकडा आता पन्नास नकलांचा आधार झाला. तो एक किडला तर पन्नासही किडल्या. तेव्हा हा सगळा साठाच दुसऱ्या जागी एकदा तरी असलाच पाहिजे, आणि त्यातला एक तारेपासून तोडलेला.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या एका इंजिनियरने चुकीच्या यंत्रावरची ३०० गिगाबाइटची माहिती पुसली. राखण्याच्या पाच पद्धती होत्या, वेळेला एकही उपयोगी पडली नाही. सहा तासांपूर्वी योगायोगाने काढलेली एक नक्कल हाती लागली. तिच्यातून काम पूर्ववत व्हायला सुमारे अठरा तास गेले, कारण ती मंद डिस्कवर होती. त्या कंपनीने सारे उघड लिहिले आणि त्या माणसाला बळी दिले नाही, हे मला युनियनवाला म्हणून नमूद करावेसे वाटते. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोरांनी पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली आणि रुग्णांची नोंद हाताने करावी लागली. जिथवर हल्ला पोचला नव्हता अशा एका सर्व्हरवर नक्कल होती, म्हणून ई-हॉस्पिटलची माहिती परत आली. अशा हल्ल्यात एक गोष्ट मात्र पुनरुक्ती काढणारे यंत्र लवकर दाखवते: कुलूपबंद झालेला प्रत्येक तुकडा त्याला नवा वाटतो, आणि रोज पाच गिगाबाइट मागणारी नक्कल एका रात्रीत चारशे मागू लागते. हे बघायला मात्र कोणी जागा हवा.

आमच्या संस्थेत आम्ही हळूहळू व्यवस्था बदलली. पुनरुक्ती काढून रात्रीची नक्कल आता चाळीस मिनिटांत होते. ताजी नक्कल कचेरीत अखंड, सारा साठा दुसऱ्या गावी, आणि एक डिस्क दर रविवारी काढून कपाटात. ऑपरेटरला कायम केले. यावर मंडळात मोठे भांडण झाले, ते येथे सांगत नाही. दर तीन महिन्यांनी सभासदांसमोर चिठ्ठ्या टाकून दहा खाती निवडतो आणि कोऱ्या यंत्रावर ती नकलेतून उभी करून दाखवतो. घड्याळ लावून. तो निवृत्त टर्नर प्रत्येक वेळी पहिल्या बाकावर येऊन बसतो. गेल्या खेपेला नऊ खाती तासाभरात उघडली. दहाव्याचा हिशेब आला, पण सहीचा नमुना उघडेना. ऑपरेटर त्याच्या मागे लागला आहे, आणि या वेळी मी त्याला "बघू" म्हटलेले नाही.