मुलाखतीस जाताना



नोकरीच्या मुलाखतीचे पत्र आले की घरात आनंद होतो आणि उमेदवाराच्या पोटात गोळा येतो. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा युवक चार-पाच परीक्षकांसमोर बसताच मुका होतो. परतल्यावर ‘इंग्रजी कच्चे पडले’ असे कारण सांगितले जाते. पुष्कळदा ते खरे कारण नसते.

आता सर्वच नोकऱ्यांना मुलाखत राहिलेली नाही. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, ‘ड’ व गट ‘ब’मधील अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या. जेथे ती उरली, तेथे मात्र तिचे वजन मोठे आहे. नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. राज्यसेवेनेही २०२५ पासून हीच रचना स्वीकारली. बहुतेक सरकारी बँकांच्या अधिकारी पदासाठी लेखी परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८० व २० असे आहे. भाषेचे म्हणाल, तर नागरी सेवेची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये मुलाखतही मराठीतून देता येते. ही उलटतपासणी नसून हेतुपूर्वक केलेले स्वाभाविक संभाषण आहे, असे आयोगाच्या अधिसूचनेतच म्हटले आहे.

या संभाषणाचा धागा बहुधा उमेदवाराने स्वतः भरलेल्या अर्जातून निघतो. गाव, जिल्हा, शिक्षण, छंद, वडिलांचा व्यवसाय. जगाच्या राजधान्या पाठ करणारा विद्यार्थी येथेच अडखळतो. वाशिमचा उमेदवार म्हटल्यावर वत्सगुल्म हे नाव निघणारच. वाकाटकांच्या याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले, हे वाशिमच्या किती पदवीधरांना सांगता येईल? १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत का गेला, समृद्धी महामार्ग कारंजा-मालेगावजवळून गेल्याने सोयाबीन पिकविणाऱ्याच्या पदरात काय पडले, असे प्रश्न येऊ शकतात. त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेत सापडत नाहीत. त्यासाठी बाजार समितीच्या आवारात एक सकाळ घालवावी लागते.

त्याहून नाजूक प्रश्न वडिलांच्या व्यवसायाचा. ‘साधे कापडाचे दुकान आहे’ असे खाली मान घालून सांगणारी मुले आपल्याच समाजात आहेत. या ‘साधे’ शब्दाने फार नुकसान होते. परीक्षक लगेच विचारू शकतो : तयार कपड्यांवर जीएसटी किती? २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या नगास ५ टक्के व त्यावर १८ टक्के. पूर्वी ही मर्यादा १००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के होता. २०१७ च्या जुलैत सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी बंद का पाळला? ज्या घरात या गोष्टींची रोज चर्चा होते, त्या घरच्या मुलाने निरुत्तर व्हावे, याहून खेदाची गोष्ट कोणती?

दुकानाच्या गादीवर आणखीही शिक्षण मिळते. गिऱ्हाईक काय मागते ते पुरते ऐकल्याशिवाय जाणता दुकानदार ठाण उलगडत नाही. परीक्षकाचा प्रश्नही असाच शेवटपर्यंत ऐकावा. माल नसेल तर ‘नाही’ म्हणणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा येते. न येणाऱ्या उत्तराला ‘क्षमा असावी, ठाऊक नाही’ म्हणणाऱ्याचे फार बिघडत नाही. दडपून दिलेले उत्तर मात्र पुढच्या दोन प्रश्नांत उघडे पडते. अर्जात ‘वाचन’ हा छंद लिहून वर्षभरात एकही पुस्तक न उघडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

पोशाखाविषयी थोडेसे. नवा कोरा सदरा त्याच दिवशी प्रथम घालू नये. खळीचे कापड ताठ राहते, गळपट्टी टोचते आणि सारे लक्ष तिकडे जाते. एकदा धुऊन, इस्त्री करून, दोन तास घालून पाहावा. रंग फिका असावा, एवढे पुरे.

यंदा ज्या मुलामुलींना मुलाखतीचे पत्र येईल, त्यांनी निदान आठ दिवस संध्याकाळी दुकानात बसावे. रोजमेळ पाहावा, उधारी का थकते ते विचारावे, माल कोठून व कसा येतो ते समजून घ्यावे. आणि वडिलांनीही ‘तू अभ्यास कर, इकडे येऊ नकोस’ हे नेहमीचे वाक्य तेवढे आठ दिवस बाजूस ठेवावे.