‘जातों’चें ‘गेलों’ कां होतें?

गेल्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं दादरला राहणारी माझी भाची माझ्या गिरगांवच्या बिऱ्हाडीं आली, ती कपाळाला आठ्या घालूनच. हातांत एक इंग्रजी पुस्तक होतें. कांहीं महिन्यांपासून ती स्पॅनिश भाषा शिकत होती. “मामा, मी हा वर्ग सोडून देणार,” असें तिनें खुर्चीवर बसण्यापूर्वींच सांगून टाकलें. फी भरून झालेली, नोकरी संभाळून आठवड्यांतून दोन संध्याकाळी खर्ची पडलेल्या. तेव्हां ही गोष्ट कांहीं थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. मीं कारण विचारलें. तिनें पुस्तकाचें एक पान उघडून माझ्यापुढें धरलें.

त्या पानावर ‘जाणें’ या अर्थाच्या एकाच क्रियापदाचें कोष्टक होतें. मूळ रूप ‘इर’. वर्तमानकाळीं मी जातों म्हणजे ‘बोय’. भूतकाळीं एके ठिकाणीं ‘फुइ’, तर दुसऱ्या ठिकाणीं ‘इबा’. भविष्यकाळीं ‘इरे’. “यांत एकाचें तोंड तरी दुसऱ्यासारखें आहे का? आणि कारण विचारलें तर उत्तर मिळतें कीं, हें क्रियापद अनियमित आहे, कारण विचारूं नका, घोकून टाका.” तिच्या स्वरांत रागापेक्षां अपमानच अधिक होता.

मीं तिला एवढेंच विचारलें, “आज दादरहून कशी आलीस?” ती म्हणाली, “बसनें आलें.” “‘येणें’चें ‘येलें’ व्हावें, तें ‘आलें’ कसें झालें? आणि ‘जाणें’चें ‘जालें’ न होतां ‘गेलें’ कसें होतें?” ती क्षणभर गप्प राहिली आणि हंसली. जन्मापासून ती ‘आलें’, ‘गेलें’ म्हणत होती. परंतु ‘इर’ आणि ‘फुइ’ यांत जेवढें अंतर आहे तेवढेंच ‘जाणें’ आणि ‘गेलें’ यांत आहे, हें तिच्या ध्यानांत कधीं आलें नव्हतें. त्या संध्याकाळीं आमच्यांत जें बोलणें झालें त्याचाच सारांश आज आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रथम नियमित क्रियापद कसें चालतें तें पाहूं. त्याचें उदाहरण लालबाग-परळच्या गिरण्यांतून पूर्वीं दर महिन्याला ऐकूं येत असे. गिरणीकामगार ज्या दिवसाची वाट पाहत तो पगाराचा दिवस. हा ‘पगार’ शब्द आपण पोर्तुगीजांपासून घेतला. त्या भाषेंत तें नाम नसून ‘पैसे चुकते करणें’ या अर्थाचें क्रियापद आहे. आणि पोर्तुगीजची सख्खी बहीण जी स्पॅनिश, तिच्यांतही तें तसेंच आहे. स्पॅनिशमध्यें ‘पागो’ म्हणजे मी देतों, ‘पागास’ तूं देतोस, ‘पागा’ तो देतो, ‘पागामोस’ आम्ही देतों, ‘पागान’ ते देतात. ‘पाग’ हें अंग कायम राहतें आणि शेपटी तेवढी बदलते. एक क्रियापद शिकलें कीं त्या गटांतील शेंकडों क्रियापदें हातीं येतात. आपल्याकडे ‘बसणें, बसला’, ‘उठणें, उठला’ हीं अशींच शिस्तीचीं माणसें आहेत.

आतां ‘इर’ पाहा. वर्तमानकाळीं ‘बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान’. लिहितांना येथें ‘व’चें अक्षर असतें, पण कानाला ‘ब’ येतो. आपल्या बंगाली मित्रांच्या तोंडीं ‘व’चा ‘ब’ होतो तसाच. भूतकाळीं ‘फुइ’ म्हणजे मी गेलों, ‘फुइस्ते’ तूं गेलास, ‘फ्वे’ तो गेला, ‘फुइमोस’ आम्ही गेलों, ‘फ्वेरोन’ ते गेले. दुसऱ्या भूतकाळीं ‘इबा, इबास, इबा’. भविष्यकाळीं ‘इरे, इरास, इरा’. बारकाईनें पाहिलें तर ही बेशिस्त नव्हे. हीं तीन निरनिराळीं घराणीं एका छपराखालीं येऊन राहिलीं आहेत. स्पॅनिशची आई लॅटिन. लॅटिनमध्यें जाण्याचीं दोन क्रियापदें होतीं, ‘ईरे’ आणि ‘वादेरे’. ‘इबा’ आणि ‘इरे’ हीं पहिल्याचीं, ‘बोय’ हें दुसऱ्याचें. तिसरें घराणें ‘फुइ’चें. तें तर जाण्याचें नव्हेच. तें ‘असणें’ या क्रियापदाचें भूतकाळी रूप. म्हणून स्पॅनिशमध्यें ‘फ्वे’ या एकाच शब्दाचे ‘तो होता’ आणि ‘तो गेला’ असे दोन्ही अर्थ होतात. भाचीला हें फार विलक्षण वाटलें. परंतु “काल मी पुण्याला होतों” असें आपण म्हणतों तेव्हां “काल मी पुण्याला गेलों होतों” हेंच ऐकणाऱ्याला कळतें कीं नाहीं? होण्यांतून जाणें निघतें तें असेंच.

येथवर आलों म्हणजे संस्कृत जाणणाऱ्याला जुनी ओळख पटूं लागते. लॅटिनमध्यें ‘तो जातो’ याला ‘ईत्’ म्हणत, संस्कृतांत ‘एति’. धातु एकच, ‘इ’. लॅटिनमधील ‘फुइ’चा ‘फु’ आणि संस्कृतांतील ‘भू’ हेही एकाच कुळांतले. आणि त्या ‘भू’पासूनच आपलें ‘होणें’ निघालें. म्हणजे भाची ज्या दोन रूपांवर रुसून बसली होती तीं तिच्या स्वतःच्या बोलण्यांतील शब्दांचीं दूरचीं भावंडें निघालीं.

मग ‘जातों’चें ‘गेलों’ कां होतें? त्याचें कारण अगदीं तसेंच आहे. ‘जातों’ हें संस्कृत ‘या’ धातूपासून आलें. ‘गेला’ हें ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. प्राकृतांत ‘गत’मधील ‘त’ गळाला, पुढें ‘इल्ल’ हा प्रत्यय जडला, आणि ‘गअ’ व ‘इल्ल’ मिळून ‘गेला’ झालें. आतां याच वाटेनें ‘कृत’ शब्द चालवून पाहा. ‘कअ’ आणि ‘इल्ल’ मिळून ‘केला’. ‘मृत’ चालवा, ‘मअ’ आणि ‘इल्ल’ मिळून ‘मेला’. जाणें-गेला, करणें-केला, मरणें-मेला हीं आपण तीन स्वतंत्र अपवाद म्हणून पाठ करतों, तीं तिन्ही एकाच नियमाचीं लेकरें आहेत. ‘आला’ हा ‘आगत’ शब्दाचा वंशज, म्हणजे ‘गेला’चा सख्खा भाऊ. ‘होणें’चें ‘झाला’ होतें तें ‘जात’ म्हणजे जन्मलेला या शब्दावरून. जुन्या पोथ्यांत ‘जाला’ असेंच रूप आढळतें.

हा विचार या मुंबईंत नवा नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ प्रसिद्ध केलें तेव्हां त्यांचें वय अवघें बावीस वर्षांच्या आसपास होतें. घरांत बोलली जाणारी भाषाही नियमांनीं बांधलेली आहे हें मराठी मुलांना मराठींतून सांगण्याचा तो उद्योग होता. पुढें १८७७ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं मुंबई विद्यापीठांत विल्सन व्याख्यानें दिलीं, आणि संस्कृतापासून प्राकृतांतून आपल्या देशी भाषांपर्यंत शब्द कसकसे उतरत आले तें उलगडून दाखविलें. १९११ सालीं मोरो केशव दामले यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ बाहेर पडलें. एवढी पुंजी घरांत असतां आमचीं मुलें परकी भाषा शिकतांना ती उघडूनही पाहत नाहींत, याचें मला वाईट वाटतें.

आणि येथें केवळ अभिमानाचा प्रश्न नाहीं. व्यवहाराचा तोटा आहे. भाचीला सर्वांत अधिक छळलें तें ‘फुइ’ आणि ‘इबा’ यांच्यांतील भेदानें. तिच्या पुस्तकांत दोहोंपुढें एकच इंग्रजी शब्द लिहिला होता. इंग्रजींत काल एकदां गेलों तरी तोच शब्द, आणि लहानपणीं रोज जात असें तरी तोच शब्द चालतो. त्या चष्म्यांतून पाहिल्यावर दोन रूपें कशाला, हें कळणार कसें? मीं म्हटलें, तो चष्मा काढून ठेव आणि मराठींत बोल. “काल मी चौपाटीवर गेलों,” हें ‘फुइ’. “लहानपणीं मी रोज चौपाटीवर जात असें,” हें ‘इबा’. “मी चौपाटीवर जात होतों, तोंच पाऊस आला,” यांतील जाणेंही ‘इबा’च. क्रिया एकदां होऊन संपली कीं ‘फुइ’; ती चालू होती किंवा नित्य घडत असे, तर ‘इबा’. आपल्या व्याकरणांत यांपैकीं नित्याच्या जाण्याला रीतिभूतकाळ म्हणतात. आजोबांच्या आठवणींत ‘तो जाई, ती येई’ अशीं रूपें येतात. हल्लींच्या मुलांच्या बोलण्यांत ‘आम्ही जायचों’ येतें. जो भेद परकी पुस्तकाला पानभर समजावून सांगावा लागतो, तो मराठी मूल चौथ्या वर्षीं न शिकवतां पाळतें. शिवाय या काळांत स्पॅनिशमध्यें अनियमित क्रियापदें अवघीं तीन आहेत, हें ऐकल्यावर तिच्या आठ्या पुष्कळच कमी झाल्या.

आणखीही सोयी आहेत. ‘गेलों’ म्हटलें कीं ‘मी’ निराळें सांगावें लागत नाहीं, ‘फुइ’चेंही तसेंच. मात्र एका बाबतींत आपली भाषा अधिक बोलते. ‘फ्वे’ म्हटल्यावर जाणारा पुरुष होता कीं स्त्री, तें समजत नाहीं. मराठींत ‘गेला, गेली, गेलें’ असा भेद होतो. कारण ‘गत’ हें मुळांत विशेषण, आणि विशेषणाप्रमाणें तें लिंग पालटतें. परक्याला हें आपलें क्रियापद शिकतांना किती कष्ट पडत असतील, याचा विचार आपण क्वचित् करतों. लालबागच्या बाजारांत एखादा परप्रांतीय विक्रेता ‘मी करला’ म्हणाला कीं आपण हंसतों. त्यानें केलेली चूक नियमाला धरूनच आहे. नियम मोडला आहे तो ‘केलें’नें. आपलीं लहान मुलेंही प्रथम ‘करलें’च म्हणतात, आणि तेव्हां आपण त्यांचें कौतुक करतों.

रोज शंभर वेळां जिभेवर येणारे शब्दच असे अनियमित कां राहावेत? जाणें, येणें, करणें, देणें, घेणें, होणें, मरणें. यांवांचून एक दिवस जात नाहीं. जो शब्द क्वचित् लागतो त्याचें जुनें रूप विसरलें जातें, आणि लोक त्याला चालू नियमांत बसवितात. अरबीवरून आलेलें ‘बदलणें’ आपण निमूटपणें ‘बदललें’ करून टाकलें. परंतु जो शब्द मूल आईच्या मांडीवर प्रत्येक तासाला ऐकतें त्याचें जुनें रूप विसरायला सवडच मिळत नाहीं. म्हणून भाषेंतील अत्यंत पुरातन वस्तु पोथींत नव्हे, तर स्वयंपाकघरांतल्या बोलण्यांत सांपडते.

स्पॅनिशचें आणि आपलें नातें केवळ पुस्तकी नाहीं. आज ती ४० कोटींहून अधिक लोकांची मातृभाषा आहे. पण तिचा देश आपल्या दाराशींही येऊन गेला. गिरगांवांतून धोबीतलावाकडे निघालें कीं सेंट झेवियर कॉलेज लागतें. तेथें १९२२ सालीं स्पेनहून फादर हेन्री हेरास हे जेझुइट धर्मगुरु इतिहासाचे अध्यापक म्हणून आले. १९२६ सालीं त्यांनीं तेथें भारतीय इतिहासाची संशोधनसंस्था काढली, आणि १९५५ सालीं ते मुंबईंतच वारले. त्यांच्याही पूर्वीं गोमंतकांत थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूनें मराठींत ‘क्रिस्तपुराण’ रचलें, तें १६१६ सालीं छापलें गेलें; त्यानेंच पोर्तुगीज भाषेंत लिहिलेलें कोंकणीचें व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० सालीं रायतूर येथें छापून निघालें. परकी माणसें आपल्या क्रियापदांशीं झुंजलीं, आणि वर्ग सोडून गेलीं नाहींत.

भाचीनेंही सोडला नाहीं. अजून घाईंत ती ‘इबा’च्या जागीं ‘फुइ’ म्हणते. पण मग स्वतःशींच तें वाक्य मराठींत म्हणून पाहते आणि चूक सुधारते. परवां तिनें मला एक नवीन गोष्ट सांगितली. आईनें आंतून हांक मारली कीं आपलें मूल म्हणतें, “आलोंच!” स्पॅनिश मूल म्हणतें, “या बोय!” म्हणजे अक्षरशः, “जातोंच!” आपण येतों, तें जातें, दोघेंही आईकडेच. मग ती उठली, पुस्तक पिशवींत टाकलें, आणि दारांतून म्हणाली, “मामा, येतें हं.” निघतांना ‘जातें’ म्हणायचें नाहीं, हा नियम कोणत्याही व्याकरणांत नाहीं, पण ती तो विसरली नव्हती.

मीही आपली रजा घेतों. श्रोतेहो, येतों.