माझी चुकलेली यादी

मी बंगळुरूत राहणारा, बंगळुरू एफसीचा चाहता. आज माझ्याच एका चुकलेल्या अंदाजाबद्दल बोलतो.

जुलै 2017. मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट होता. आपला संघ आय-लीग सोडून पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरणार होता. सुनील छेत्री आणि उदांता सिंग आधीच राखलेले. बाकी कोण येणार, याची यादी करून मी मित्रांना पाठवली. सगळी नावं गोल करणाऱ्यांची! बचावपटूंचा विचार कोण करतो हो? संघाने मुंबईकर राहुल भेकेला घेतलं, तेव्हा मी म्हणालो, "एक जागा वाया गेली."

17 मार्च 2019. अंतिम सामना, तोही मुंबईतच. समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत, 117व्या मिनिटाला कॉर्नर आला आणि भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. 1-0! आपलं पहिलं आयएसएल विजेतेपद.

त्याच रात्री मित्राने माझी जुनी यादी मलाच परत पाठवली.

तेव्हापासून अंदाज बांधताना मी आधी बघतो, संघात कमी काय आहे. आपल्याला कोण आवडतं, ते नंतर. भेटू पुढच्या भागात.