शोधाच्या चौकटीत आपलं गाव
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मंडळाच्या जुन्या स्मरणिका संकेतस्थळावर चढवल्या, वर शोधाची चौकट लावली आणि आम्हांला वाटलं, झालं काम. कचेरीत दप्तराला फडकं बांधलं की वाटतं, तसंच! मग मुंबईहून एका मावशींचा फोन आला. "आमच्या बाबांचा नाटकावरचा लेख काढून टाकला काय हो तुम्ही?" लेख जागेवरच होता. त्यांनी 'सांबरा नाटक' असं टाकलं होतं आणि समोर आल्या होत्या जाहिराती.

आम्ही छडा लावायला बसलो. ही चौकट लेख वाचत नाही. ती शब्द मोजते आणि पानाला गुण देते. शब्द किती वेळा आला, पान किती लहान आहे आणि तो शब्द एकंदरीत किती दुर्मीळ आहे, यांवर गुण ठरतात. दुर्मीळपणाचं हे माप केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स या बाईंनी १९७२ साली मांडलं. आपल्या स्मरणिकेत 'गणपती' पानोपानी, म्हणून त्याचं वजन जवळजवळ शून्य. 'विमानतळ' मोजक्याच पानांवर, म्हणून तो भारी. गूगल याशिवाय इतर किती पानं एखाद्या पानाचा दुवा देतात तेही बघतं. आमच्या स्मरणिकेचे दुवे कोण देणार? आमची सगळी भिस्त शब्दांवर.

आणि इथंच मराठी आडवी आली. बाबांच्या लेखात 'सांबऱ्याच्या', 'सांबऱ्यात', 'नाटकाला' असे शब्द. नुसतं 'सांबरा' कुठंच नाही. जाहिरातीत मात्र चार ओळी आणि पत्त्यात दोनदा 'सांबरा'. जाहिरात वर येणारच की!

मग प्रत्यय काढून मूळ शब्द जुळवायची सोय केली. ती जरा जास्तच झाली. 'सांबरा'चं 'सांबर' झालं आणि शिकारीची गोष्ट पहिली आली. त्याहून छळलं ते 'ऱ्य' या अक्षरानं. ते संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतं. डोळ्यांना एकच दिसतं, यंत्राला दोन वेगळे शब्द. दोन्ही एक करायला आमचा एक रविवार गेला. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी 'बेळगावी' झालं. जुन्या अंकांत 'बेळगांव', नव्यांत 'बेळगाव'. ही सगळी नावं एकाच ओळीत बांधून दिली. शीर्षकातल्या शब्दाला जादा गुण ठेवले.

एका जाहिरातदारांनी सुचवलं, आमचं पान कायम वर ठेवा, वर्गणी वाढवून देतो. तसं करता येतं, एका आकड्याचा खेळ आहे. बैठकीत बरीच चर्चा झाली. आमचं म्हणणं, जाहिरात वेगळ्या रकान्यात 'जाहिरात' म्हणूनच दिसावी. वर्गणी गेली, पण ते मान्य झालं. लोक जास्त उघडतात ते पान आपोआप वर न्यायची सोयही आम्ही बंद ठेवली. नाहीतर वरचं अजून वर जातं आणि बाबांसारख्यांचे लेख तळाशीच राहतात.

युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधले अंक अजून शोधात येत नाहीत. पडद्यावर मराठी दिसते, आत भलतीच अक्षरं असतात. ते पुन्हा टंकावे लागतील. ज्यांना संध्याकाळी तासभर सवड आहे, त्यांनी आरतीनंतर आम्हांला भेटावं.

मावशींना परवा फोन केला. बाबांचा लेख आता दुसरा येतो. पहिला येतो तो त्याच नाटकात काम केलेल्या त्यांच्या काकांचा.