बक्षीसपत्र आणि उतारवयाचा आधार

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आयुष्यभराच्या कष्टातून उभे केलेले घर उतारवयात आपण मुलांच्या नावे करतो. महाराष्ट्रात राहते घर वा शेतजमीन मुलांना बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते. त्यामुळे हा निर्णय चटकन घेतला जातो. परंतु मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते, नोंदणीकृत बक्षीसपत्र मात्र केवळ मन बदलले म्हणून रद्द होत नाही.

यावर ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ हा उपाय आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर साठ वर्षांवरील व्यक्तीने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने तो केला नाही, तर उपविभागीय अधिकारी दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते हस्तांतरण रद्द करवून घेता येते. हा कायदा लागू होण्यापूर्वीच्या बक्षीसपत्रांना मात्र हे कलम लागू नाही.

मुंबईत अंधेरी येथील एका पित्याने सदनिकेतील निम्मा हिस्सा मुलास दिला. वडिलांना सांभाळू, पण त्यांच्या दुसऱ्या पत्नीस नाही, अशी मुलाची भूमिका होती. ते बक्षीसपत्र न्यायाधिकरणाने रद्द केले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

मात्र डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, सांभाळाची अट सिद्ध झाल्याविना कलम २३ चा लाभ मिळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका मातेचे बक्षीसपत्र त्याच न्यायालयाने रद्द केले आणि घराचा ताबाही तिला परत देण्यास सांगितले. तिच्या बाजूने सांभाळाचा लेखी उल्लेख होता.

आपण व्यापारी माणसे. सख्ख्या भावाला दिलेले कापडही वहीत मांडतो. त्यात अविश्वास नसतो, हिशेबाची स्वच्छता असते. मग घर देतानाच लेखणी का अडखळावी? निवास, अन्न, वस्त्र व औषधोपचार यांची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहावी. शक्यतो हयातीत मालकी आपल्याकडे ठेवून मृत्युपत्र करावे.

तरुणांना एवढीच विनंती, ही अट वाचून रुसू नका. जो मुलगा सांभाळणारच आहे, त्याला सही करताना काहीच गमवावे लागत नाही; आई-वडिलांना मात्र त्या एका ओळीने स्वतःच्या घरात निर्भयपणे राहता येते.