नभोवाणीचे केंद्र कोणाच्या पैशावर?

(निपाणी येथे तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या भागात लोकांच्या प्रश्नांवर निर्भीडपणे बोलणारे एक नभोवाणी केंद्र असावे, ही आपली इच्छा आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु आपण आज जी योजना आमच्या हाती दिलीत, तीत मनोऱ्याची उंची आहे, यंत्रांची किंमत आहे. केंद्र दुसऱ्या वर्षी कशावर चालणार, याविषयी एक ओळही नाही. वृत्तपत्र चालवता चालवता ज्यांचे केस पिकू लागले, त्यांना हीच उणीव प्रथम दिसते.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार उघडले. तथापि हा परवाना राजकीय पक्षाला वा त्याच्याशी संलग्न संघटनेला मिळत नाही. आणि ज्याला मिळतो, त्याला स्वतःच्या बातम्या व राजकीय चर्चा वर्ज्य! नळाला पाणी केव्हा येणार हे सांगावे. आठ दिवस का आले नाही, म्हणून नगरसेवकांना समोरासमोर बसवाल तर परवाना धोक्यात.

तरीही बोलण्याजोगे पुष्कळ उरते. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी याच गावाजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले आणि गोळीबारात त्यांच्यातील काहींचे प्राण गेले. त्या पिढीच्या आठवणी कोणी ध्वनिमुद्रित करावयाच्या? वखारीच्या धुळीत राबणाऱ्या बायकांचा खोकला, हजार विड्यांमागची मजुरी, छाट म्हणून बाजूला टाकलेला माल, भविष्य निर्वाह निधीचे हेलपाटे, हे सारे त्या बायकांच्याच तोंडून ऐकावयास हवे. त्यांपैकी कित्येकींची बोली कन्नड आहे. त्यांचेही बोलणे या केंद्रावर आले पाहिजे, हे आमच्या काही मित्रांस रुचणार नाही. पण धूळ भाषा विचारून छातीत शिरत नाही.

आता सांगा, ज्या सायंकाळी हा कार्यक्रम लागेल, त्या सायंकाळी जाहिरात कोण देणार? खरी मेख येथे आहे. लहान गावात मोठे जाहिरातदार बोटांवर मोजण्याइतके, आणि ते एकमेकांचे सोयरे. वखारीतील धुळीवर आम्ही एकदा चार ओळी लिहिल्या, तेव्हा एका व्यापाऱ्याची जाहिरात तर बंद झालीच. त्याच्या मेहुण्याच्या कापडदुकानाचीही दिवाळीपर्यंत आली नाही. २०२४ च्या नियमांनी तासाला बारा मिनिटे जाहिरातींना मुभा दिली व सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ७४ रुपये ठरवला. गुणाकार केल्यास ताशी ५,३२८ रुपये होतात. कागदावर! त्या आकड्यावर विसंबून कोणी कर्ज काढू नये. दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत ऐकू येणाऱ्या केंद्रासाठी बाहेरचा मोठा व्यापारी थैली मोकळी करीत नसतो.

पैशाला तोटा नसलेल्या अमेरिकेतही हेच दिसले. पुरोगामी चर्चेसाठी २००४ च्या मार्चमध्ये निघालेली 'एअर अमेरिका' ही वाहिनी नामवंत वक्ते असूनही २०१० च्या जानेवारीत दिवाळखोरीत निघाली. उलट सातारा जिल्ह्यात, म्हसवडसारख्या दुष्काळी गावी, २००८ साली 'माणदेशी तरंग' सुरू झाले. त्याच्या मागे १९९७ पासून रुजलेली स्त्रियांची सहकारी बँक व तिची भगिनी संस्था उभी होती. नाशिकच्या 'रेडिओ विश्वास'ला २०२३ साली टिकाऊपणाबद्दल राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. साथीच्या काळात शाळा बंद असता त्या केंद्राने शिक्षकांकडून पाठ ध्वनिमुद्रित करवून मुलांच्या घरी पोहोचवले होते. जे घर केंद्राचा उपयोग पाहते, तेच घर उद्या त्याची पावती फाडते.

म्हणून आमची सूचना अशी की, मनोऱ्याची चौकशी तूर्त बाजूला ठेवावी. विडी वळणाऱ्यांच्या वस्तीतून, शेतकऱ्यांच्या सोसायट्यांतून, शिक्षकांतून दरमहा अल्प वर्गणी देणारी पाचशे घरे आधी मिळवावीत. ती सहा महिने न चुकता जमली, तर योजना पुन्हा आमच्याकडे आणा. पहिली पावती आमच्या नावे आत्ताच फाडा. पुस्तक आणले आहे ना?